वाटीखालचा फासा

फाशावर वाटी उपडी घालायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यातलं काही मला दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही. आईच्या सहा वाट्यांच्या संचातली आमटीची स्टीलची वाटी, काठाला बारीक पोचा आलेली. आई गेल्यावर बहिणीने आणि मी भांडी वाटून घेतली तेव्हा ती माझ्याकडे राहिली. अजून मांडणीत आहे. त्या वाटीतून मी कधी काही खात नाही. एकदा बायकोने चुकून तिच्यात कढी वाढली, तर मी ती दुसऱ्या वाटीत ओतून घेतली. तिने विचारलं, "खराब झालीय का?" मी म्हणालो, वाटी ठीक आहे.

आमचा खेळ असा होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आत काहीतरी हललं, काय करता?" असं तो विचारणार, आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवणार. गोष्ट सांगायचा शिरीष. आमच्याच कॉलनीतला, माझ्या वर्गातला. त्याच्या परदेशातल्या काकांनी त्याला या खेळाचं पुस्तक आणि एक फासा पाठवला होता. पुस्तकाची आम्ही झेरॉक्स काढली, तीत पान सत्त्याऐंशी दोनदा आलं आणि अठ्ठ्याऐंशी आलंच नाही. खेळणारे तीन: मी, माझी धाकटी बहीण मंजू, आणि दत्ता. दत्ता निफाडकडचा, कॉलेजच्या होस्टेलवर राहायचा. शनिवारी घरी जाऊन रविवारी सकाळच्या एस्टीने परत यायचा तो थेट आमच्याकडे, हंगामात हातात द्राक्षांची पिशवी घेऊन. द्राक्षांवर फवारणीचा निळसर थर असायचा. मी ती तीन पाण्यांनी धुवायचो, तोवर दत्ताने न धुताच पाव किलो संपवलेली असायची. "काय होत नाय भाऊ," तो म्हणायचा, "आमच्या पोटात लहानपणापासून औषधच हाय."

खेळ रविवारी दुपारी, हॉलमध्ये, सतरंजीवर. तेव्हा गंगापूर रोडला आजच्यासारखी दुकानांची रांग नव्हती. आमच्या बाल्कनीतून समोर फुलांचा मळा दिसायचा, आणि दुपारी रस्त्यावर इतकी शांतता असायची की वरच्या मजल्यावरचा मिक्सर सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रविवारी जेवून दोन ते चार झोपायचे. त्यांच्या खोलीचं दार हॉलमध्येच उघडायचं. त्या दोन तासांत घरात मोठा आवाज करायचा नाही हा आमच्याकडे कायदा होता, आणि आमचं सगळं त्याच दोन तासांत चालायचं. फासा फरशीवर वाजतो म्हणून आम्ही सतरंजीवर पोळपाट उलटा ठेवून त्यावर टाकायचो. आईला ते बिलकुल आवडायचं नाही. "त्यावर मी पोळ्या लाटते रे," ती दबक्या आवाजात म्हणायची, "आणि त्या दत्ताचे हात बघा." हात खरोखर बघण्यासारखे असायचे. द्राक्षाचा चिकटा, त्यावर शेवेचं पीठ, आणि तेच हात फाशाला, कागदांना, सगळीकडे. माझ्या पात्राचा कागद मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायचो. बाकीच्यांचे कागद तेलकट होऊन पारदर्शक झाले होते.

आता मुद्द्याचं. त्या पुस्तकात रिअ‍ॅक्शन नावाची एक भानगड होती. एरवी प्रत्येकाने आपापल्या पाळीत बोलायचं, पण रिअ‍ॅक्शन ही दुसऱ्याच्या पाळीत मध्येच घुसून करायची गोष्ट. उदाहरणार्थ ढाल. शत्रूने घाव घातला की तुम्ही ढाल आडवी धरून तो फुकट घालवू शकता, पण एका लढाईत एकदाच. पुस्तकात वाक्य होतं ते असं, की घाव बसल्यावर तुम्ही ढालीने तो चुकवू शकता. बसल्यावर चुकवायचा कसा? बसला तर बसला. फासा पडायच्या आधी बोलायचं, पडल्यावर बोलायचं, की किती लागलं ते कळल्यावर? आधी बोलायचं तर नुसता अंदाज. नंतर बोलायचं तर फायदा बघून बोलणार. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि त्या पुस्तकाने त्यावर एक ओळ खर्च केलेली नव्हती. ज्याने ते लिहिलं त्याने चार माणसांना एका पोळपाटाभोवती बसवून एकदा तरी बघितलं होतं का, असं मला तेव्हा वाटायचं. अजून वाटतं. ढिसाळ लिहिलेल्या नियमाची मला जितकी शिसारी येते तितकी उघड लबाडीचीही येत नाही.

लबाडीही होतीच म्हणा. शिरीष फासा टाकायचा, म्हणायचा, "सतरा. दत्ता, तुला लागला. सात जीव गेले." सात हा आकडा ऐकला की दत्ता म्हणायचा, "थांब थांब, मी ढाल घातली होती." दोन गेले असते तर गप्प बसला असता. मग शिरीष म्हणणार, आधी का नाही बोललास. दत्ता म्हणणार, तू बोलू कुठं दिलं. हे सगळं कुजबुजत, कारण पलीकडे अण्णा झोपलेले. तीन मोठी मुलं पोळपाटावर ओणवी होऊन सापासारखी फिसफिसतायत: मी आधी बोललो, नाही, मी फासा बघितला, मागे घे, मागे घे. अर्धा तास गोष्ट मागेच न्यायची. मेलेला राक्षस जिवंत करायचा, उघडलेलं दार लावायचं, प्यायलेलं औषध परत बाटलीत. मंजू त्या वेळी भिंतीला टेकून शेव खात बसायची. एकदा ती म्हणाली, "तुम्ही तिघं तोंड बंद ठेवून भांडता येईल असं काहीतरी काढा."

त्यावरून मी वाटी काढली. शिरीषने फासा टाकायचा आणि कुणाला दिसायच्या आत त्यावर वाटी उपडी घालायची. मग मी एक, दोन, तीन मोजायचं. ज्याला रिअ‍ॅक्शन करायची त्याने तीन व्हायच्या आत वाटीवर हात ठेवायचा. तोंडाने बोललेलं धरायचं नाही, फक्त हात. तीननंतर वाटी उचलायची आणि मग जे असेल ते असेल, देव आला तरी मागे जायचं नाही. एकेका आकड्याला दोन सेकंद. अण्णांचं घड्याळ घेऊन मी आठवडाभर सराव केला. सहा सेकंदांत माझी चूक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त व्हायची नाही. हे सगळं मी दोनशे पानी वहीत लिहून काढलं, एकूण चौदा नियम, आणि चौघांच्या सह्या घेतल्या. खरं सांगायचं तर तो नियम उत्तम होता. भांडणं थांबली. वाटीखाली फासा आहे, आकडा कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यांचे डोळे त्या स्टीलवर, त्या सहा सेकंदांसारखी दुसरी मजा त्या खेळात नव्हती.

नववा नियम मात्र नंतर, जुना नववा खोडून, घातला आणि पुन्हा सह्या घेतल्या. दत्ता बाल्कनीत तंबाखू मळायला जायचा आणि परत येऊन म्हणायचा, मी इथं असतो तर हात ठेवला असता. म्हणून लिहिलं: मोजणी चालू असताना जो जागेवर नाही त्याची रिअ‍ॅक्शन नाही. नियम दत्तासाठी होता. पण जागेवरून खरी उठायची ती मंजू. "मंजे, दूध बघ." "मंजे, दाराशी कोण आलंय बघ." "मंजे, अण्णांचं पाणी." तिथे तीन धडधाकट मुलगे बसलेले, त्यातला एक त्या घरातलाच, आणि आईने त्या सगळ्या काळात मला एकदाही हाक मारली नाही. मीही कधी उठलो नाही. मी मोजणारा होतो ना.

मंजूने तक्रार केली नाही. तिने हिशेब घातला. आमचा गॅसचा ओटा दाराला लागूनच, हॉलमधल्या तिच्या जागेपासून चार पावलं. चार पावलं जायला, बटण फिरवायला, चार पावलं यायला मिळून पाच सेकंद. माझे सहा. म्हणजे वाटी पडली की ती उठायची आणि तीनच्या आत येऊन हात ठेवायची. हे तिने माझ्या डोळ्यांसमोर निदान दहा वेळा केलं. दत्ता तर त्यावर पैज लावायचा. "आली, आली, मंजूताई आली," असं कुजबुजत मांडीवर चापट्या मारायचा.

तिचं पात्र होतं रेवा नावाची वैदू बाई. कमरेला जडीबुटीची पिशवी आणि पाठीला ढाल. पहिल्या रविवारपासून रेवा जिवंत होती, आठ महिने. दत्ताची तीन पात्रं मरून चौथं चालू होतं. माझं एकच होतं, एक सरदार, आणि ते त्या घटनेच्या दोन आठवडे आधी मेलं. कसं मेलं तेही लिहितो. वाटी पडली, मी मोजायला लागलो, आणि ढाल आता वापरावी की पुढच्या घावासाठी राखावी या विचारात माझा हात हवेतच राहिला. मोजणाराही मीच. तोंडाने तीन म्हटलं आणि मग हात टेकवला. शिरीष आणि दत्ता काही बोलले नसते. मंजू हसली. "दादा, तीन झाले," ती म्हणाली. दत्ता इतका हसला की अण्णा खोकले.

एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. नव्या पात्राचा कागद मी भरला, पण आठ महिने जगलेला सरदार आणि कालचं पोर यांत फरक असतो. दोन आठवडे ते "तीन झाले" माझ्या कानात होतं.

त्या रविवारी अण्णांच्या ऑफिसातले दोघे पाच वाजता यायचे होते. आई गच्चीवर मनुका राखत होती. दत्ताच्या घरून आलेली द्राक्षं तिने वाळत घातली होती. जाताना म्हणाली, "मंजे, बटाटे लावलेत. तिसऱ्या शिट्टीला बंद कर गं. वडे करायचेत, लगदा नको." दोन शिट्ट्या झाल्या होत्या. गोष्टीत आम्ही किल्ल्याच्या तळघरात होतो आणि समोर आंधळा पहारेकरी. रेवाकडे चार जीव उरले होते, पहारेकऱ्याचा घाव बसला तर सहा जाणार. तिची ढाल मात्र शिल्लक होती. शिरीषने फासा टाकला, वाटी पालथी घातली, आणि त्याच क्षणी आत तिसरी शिट्टी सुरू झाली.

मंजू उठली. "ढाल आहे रे, आले," असं म्हणून आत गेली.

मी मोजलं. एक-दोन-तीन. जितक्या वेळात हे वाचून होतं तितक्याच वेळात.

शिरीषने माझ्याकडे बघितलं. वाटीवर त्याची दोन बोटं होती, ती त्याने उचलली नाहीत. "झाले?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "झाले." त्याने वाटी उचलली. अठरा. घाव बसला होता. मंजू दारात आली तेव्हा वाटी त्याच्या हातात होती.

"अरे, मी म्हटलं ना ढाल," ती म्हणाली.

"तोंडाचं धरत नाहीत," मी म्हणालो.

"पण मी वेळेत आलेय. नेहमी येते."

"ती बोलली होती भाऊ," दत्ता म्हणाला. "मी ऐकलं. आन् तू जरा लय भरभर..." तो मध्येच थांबला. त्याच्याविरुद्ध मी वहीतले इतके नियम वाचून दाखवले होते की आपलं म्हणणं खरं असेल यावर त्याचाच विश्वास उरला नव्हता.

शिरीष म्हणाला, "मला चालेल, मागे घेऊ. तू सांग. वही तुझी आहे."

मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. तिघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वही उघडली, नववा नियम काढला आणि वाचून दाखवला, दबक्या आवाजात, अण्णा झोपलेत म्हणून. खाली तिची सही होती, तिच्यावरही बोट ठेवलं. तो पिवळट कागद, ती सही आणि त्यावरचं माझं स्वच्छ कापलेलं नख, हे तिन्ही मला आज दिसतं आणि ते बोट कुणा दुसऱ्याचं असतं तर बरं, असं वाटतं.

ती रडली नाही, भांडली नाही. मी तयारीत होतो, उत्तरं ठरवलेली होती. तिने खाली वाकून रेवाचा कागद उचलला आणि आत गेली. पाच वाजता पाहुणे आले. मंजूने वडे तळले. आमच्याकडे वडे निथळायला ताटात रद्दीचा कागद घालायची पद्धत होती. ते ताट पाहुण्यांपुढे येऊन गेल्यावर आमच्यापुढे आलं. चार वडे उरले होते. एक उचलला तर खाली तेलाने पारदर्शक झालेला कागद, आणि त्यावर पेन्सिलीने, मंजूच्या अक्षरात: रेवा. ढाल, एक. मी वर बघितलं. ती दाराशी उभी होती, हाताला पीठ. "घे ना दादा," ती म्हणाली. "गरम आहेत."

मी खाल्ले. तीन. न खाल्ल्यास काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं. बटाटा लगदा झाला नव्हता, अगदी हवा तसा शिजला होता. दत्ताने मात्र हात लावला नाही. चिकट हातांनी सगळं ओरपणारा दत्ता, त्याने त्या ताटातलं काही खाल्लं नाही. त्या दिवशी त्या खोलीत कुणाचे हात घाण होते हे त्याला कळलं होतं, असं मी आता म्हणतो. तेव्हा मी तो गेल्यावर पोळपाट साबणाने दोनदा धुतला.

पुढच्या रविवारी मंजू बसली नाही. मैत्रिणीकडे जाते म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी दत्ता द्राक्षं देऊन दारातूनच परत गेला. "तिच्याबिगर नाय मजा," म्हणाला. तिसऱ्या रविवारी मी आणि शिरीष दोघेच, वाटी मध्ये ठेवून. कुणाविरुद्ध मोजायचं? वही माझ्याकडे राहिली. बरीच वर्षं झाल्यावर कपाट आवरताना सापडली तेव्हा सवयीने मी नववा नियम लागू केल्याच्या नोंदींचे रकाने मोजले. "जागेवर नाही" असा शेरा मी एकूण सव्वीस वेळा लिहिला होता. दत्ता दोन वेळा. बाकी चोवीस मंजू. माझ्या नावापुढे रकाना कोरा. इतका न्यायी नियम होता तो.

या दिवाळीत मंजू चार दिवस माहेरपणाला आली, म्हणजे आता माझ्याच घरी. तिची मुलगी ईरा बारावीत आहे आणि हाच खेळ खेळते. हल्ली त्यांच्याकडे पंधरा-वीस फासे असतात आणि पुस्तक मोबाइलवर. तिने सकाळी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि वैतागून म्हणाली, "मामा, तुम्ही लोक रिअ‍ॅक्शनचं काय करायचात? आमच्यात रोज भांडणं. तो म्हणतो आधी बोल, ही म्हणते नंतर." म्हणजे इतक्या वर्षांत कुणी ते वाक्य नीट लिहिलेलं नाही. मी सवयीने मांडणीकडे हात केला आणि मागे घेतला.

"सांग ना दादा," पलीकडे मटार सोलत बसलेली मंजू म्हणाली. "वाटीचं सांग तिला. चांगला नियम होता."

मी सांगितलं. वाटी, हात, सहा सेकंद. नववा नियमही सांगितला. आणि मग, ईराच्या देखत, मी म्हणालो, "मंजू, त्या दिवशी मी भरभर मोजलं होतं."

तिने शेंगेतून नख फिरवलं. दाणे पातेल्यात पडले. "माहितेय," ती म्हणाली.

"दत्ता बोलला का तुला?"

"दत्ता कशाला बोलेल? मी गॅसपाशी होते, दादा. तू तीन म्हणालास तेव्हा शिट्टी अजून वाजत होती." तिने पुढची शेंग उचलली. "एरवी तुझ्या दोनला संपायची. मी रोजची उठबस करणारी. मला माहीत नसणार?"

ईराने एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला लागलो, की तेव्हाच मी, इतकी वर्षं, वगैरे. मंजूने ऐकून घेतलं नाही. रागाने नाही, मटार संपवायचे होते म्हणून. "राहू दे," ती म्हणाली. "वहिनी बाहेर गेलीय. कुकरकडे लक्ष दे, दोन झाल्यात."

मी उठून ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. ओटा तोच आहे, फक्त वरची फरशी बदलली. तिसरी शिट्टी सुरू झाली तसा मी मोजायला लागलो, एकेका आकड्याला दोन सेकंद, सराव गेलेला नाही. एक. दोन. दोनला शिट्टी थांबली. मी बटण फिरवलं आणि वळून बघितलं. टेबल चार पावलांवर होतं, आणि तीन अजून म्हणायचे होते.